पाकिटावरचा वेग

दोन हजार तेवीस साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या घरातला कॉम्प्युटर चालता चालता थिजायला लागला, आणि तो का थिजतो हे घरात एकट्या मला ठाऊक होतं. आधी ठाऊक नव्हतं. मग संशय आला. मग पक्कं कळलं, तरी मी गप्प राहिलो. ते सगळं लिहून ठेवतो आहे. अक्षर वाईट आहे, पण माझंच आहे.

शाळा म्हणाल तर चौथी. पाचवीच्या वर्षी बापाने मला मागाशेजारी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. तिथून पुढं पन्नास वर्षं मी सोलापुरात पूर्व भागात मागातच होतो. त्यातली तीस वर्षं जॉबर. जॉबर म्हणजे माग लावणारा, मागाचं दुखणं ओळखणारा. विणकर विणतो, पण माग किती पळायचा, कुठं ढिला, कुठं घट्ट, हे जॉबर ठरवतो. लांबून नुसता आवाज ऐकून मी सांगायचो की तिसऱ्या रांगेतला दुसरा माग आज धागा खाणार. खायचाच. चार बुकं शिकलेले मालक मला विचारल्याशिवाय मागाला हात लावत नव्हते. हे मी फुशारकीने सांगत नाही, होतं ते सांगतो. बरं, थोडी फुशारकी असेल.

मुलगा पुण्याला एका कंपनीत आहे. सून मात्र माझ्यापाशी सोलापुरात राहते, कारण तिचं काम इथं आहे. ती चादरीची डिझाईन काढते. पूर्वी डिझाईन चौकटीच्या कागदावर निघायचं, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढायची. आता ती चौकट पडद्यावर भरते, फाईल कारखान्यात जाते, आणि तिथला नवा माग ती फाईल वाचून विणतो. एक घर चुकलं की चादरीत एक धागा चुकतो. हिशेब तोच जुना, फक्त कागद गेला.

मुलाचं म्हणणं होतं की बायकोने आता पुण्याला यावं. सुनेचं म्हणणं होतं, काम आहे तोवर मी सोलापुरात. माझं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सून गेली तर घरात मी आणि चार भिंती. पण 'राहा' हा शब्द माझ्या जिभेला कधी जमला नाही. जॉबर सांगतो. मागत नाही.

आता खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी माग बंद असतो. धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचा. आमच्या आळीत आणखी एक रीत होती. त्या दिवशी मागाला काहीतरी नवं घालायचं. नवा पट्टा, नवी वादी, काहीच नाही तर एक नवा स्क्रू. रिकाम्या हाताने पूजा नाही. आमच्या घरात आता माग उरला नाही, म्हणून सून कॉम्प्युटरची पूजा करते. तिचं पोट त्यावर, म्हणजे तोच तिचा माग. त्या वर्षी माझ्या मनात आलं, त्यालाही काहीतरी नवं घालू.

सून एकदा म्हणाली होती की मोठं डिझाईन उघडलं की मशीन रांगतं, मेमरी कमी पडते. तेवढं मी ध्यानात ठेवलं. मोठ्या काचा लावलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. विकणाऱ्याने विचारलं, "काका, जुनी किती स्पीडची आहे?"

"ते मला म्हाईत न्हाय. तुज्याकडची पळणारी दे."

त्याने एक पाकीट काढलं. आत बोटभर रुंद, वीतभरापेक्षा लहान हिरवी पट्टी, कडेला सोनेरी दात. मी तिला मनात कांडीच म्हणालो. पाकिटावर मोठा आकडा होता, छत्तीसशे.

"पण काका, नुसती घातली तर ही जुनीच्या बरोबरीने हळूच पळेल. आतल्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग चढवावा लागतो. तुमच्या बोर्डाला आणि जुन्या मेमरीला झेपतं का ते आधी बघून घ्या. नाहीतर आहे तशी राहू द्या."

"पाकिटावर छत्तीसशे लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय."

"मग तेवढं पळालं पायजे. कसं चढवायचं ते सांग."

"घरात कुणी जाणकार आहे का?"

"मीच हाय की."

तो हसला नाही, हे त्याचं बरं. पाकिटाच्या पुठ्ठ्यामागे त्याने मला खुणा काढून दिल्या. मशीन सुरू होताना कुठली कळ दाबायची, मग निळा पडदा येईल, मग एक्स, एम, पी ही तीन अक्षरं कुठं असतील, तिथं काय करायचं, आणि शेवटी बाहेर कसं यायचं. 'बघून घ्या' हे त्याने दोनदा म्हटलं. मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. कान माझे अजून शाबूत आहेत.

खंडेनवमीला सकाळी सून झेंडू आणायला बाजारात गेली. मी पेटी उघडली. खाचेत खाच बसते, उलटी बसत नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. कट्ट आवाज आला आणि कांडी बसली. मग पुठ्ठ्यावरच्या खुणा बघत निळ्या पडद्यात शिरलो. आयुष्यभर चौकटीच्या कागदावरची घरं मोजली होती. तसंच एकेक घर मोजत खाली गेलो, तीन अक्षरं सापडली, वेग चढवला, बाहेर आलो. मशीन सुरू झालं. पुठ्ठा घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

दसऱ्याला सुनेने मोठं डिझाईन उघडलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. "मामा, हे तर उडायला लागलं की."

"पूजेची भेट दिली त्याला. नवी मेमरी घातली."

"तुम्ही घातली? स्वतः?"

"मग काय शेजाऱ्यानं घातली?"

ती इतकी हसली की मला दिवसभर पुरलं. मेमरीचं सांगितलं, पण निळ्या पडद्याचं सांगितलं नाही. आमच्या धंद्यात तसंच असायचं. जॉबरने पुली बदलून वेग वाढवला तर तो विणकराला सांगत नव्हता. सांगितलं की विणकर बिचकतो. त्याच्या हाताला आपोआप कळलं पाहिजे, आज माग मोकळा पळतोय. कळलं की तो वळून बघायचा, आणि ते बघणं हेच जॉबरचं बक्षीस.

चार दिवस सरळ गेले. पाचव्या दिवशी दुपारी सून आतून म्हणाली, "मामा, हे थांबलं."

मी जाऊन बघितलं. पडद्यावर अर्धी चादर होती. बाण एका पानावर अडकला होता. कळा दाबून काही होत नव्हतं. खाली कोपऱ्यातलं घड्याळ चार वाजून बारा मिनिटांवर उभं होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. मला घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. पेटीतला पंखा फिरत होता. माग बंद पडला की सगळा आवाज जातो, आळीला कळतं की थांबला. इथं आतलं सगळं उभं राहिलं होतं आणि आवाज मात्र चालूच होता. असं थांबणं मी कधी बघितलं नव्हतं.

बटन दाबून बंद केलं, परत लावलं, चाललं. सून म्हणाली, "होतं कधी कधी." दुसऱ्या दिवशी झालं नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा झालं.

त्या वेळी तिच्याकडे सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांची ऑर्डर होती. चादरीच्या मधोमध डाळिंबाची फांदी, फळं फुटलेली, एकेक दाणा दिसला पाहिजे. एवढं बारीक काम तिने कधी केलं नव्हतं. फाईल जतन होत असतानाच मशीन थिजलं. परत लावल्यावर फाईल उघडली, वरून बरी दिसली, तिने कारखान्यात पाठवली. तिथं बारा चादरी निघाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. कारखान्याच्या मॅनेजरने एक चादर आमच्या घरी पाठवून दिली. फांदीच्या मधून आडवा पांढरा पट्टा गेला होता, चार बोटं रुंद. फांदीवर कुणी सुरी फिरवावी तसा. वरची फळं वर, खालची खाली, मध्ये काही नाही.

सून ती चादर मांडीवर घेऊन बसली. "मीच नीट बघितलं नाही," म्हणाली.

मी म्हणालो, "मशीनचा दोष हाय, तुजा न्हाय." हे बोलताना मला माझाच आवाज चोराचा वाटला, पण का ते तेव्हा कळलं नाही.

मग आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा माणूस पन्नाशीचा, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटर शिकला. आमचं मशीन त्यानेच जोडून दिलेलं. त्याच्याकडे जायला आणखी एक कारण होतं. त्याचा बाप माझ्या हाताखालचा विणकर, माझ्याच वयाचा. त्या बापाचा डावा डोळा मागावर काम करताना गेला. तेव्हापासून त्या घरातलं कुठलंही दुकान असलं तरी मी तिथंच जातो; सुनेला आधी कळू नये म्हणून मेमरी तेवढी दुसरीकडून आणली होती. लोक म्हणायचे, जुनी दोस्ती जपतो. मी म्हणू द्यायचो.

त्याने पेटी उघडली, पूजेचं कुंकू आणि तांदळाचे दाणे ब्रशने काढले. "चाचा, देवाला लावा की कुंकू, पंख्याला नक्को." म्हणाला, यानेच होत असेल. पण थिजणं थांबलं नाही. मग वायर बदलली. मग आतली वीज देणारी डबी बदलली. मग सगळं पुसून विंडोज नवं घातलं. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे जायचे, सून डिझाईन परत बांधत आणायची, आणि मग बाण जागच्या जागी उभा. पंखा चालू. कोपऱ्यातलं घड्याळ मेलेलं. सुनेला सवय लागली की काम करताना दर मिनिटाला त्या घड्याळाकडे बघायचं. आकडा बदलला की श्वास सोडायची. मी खाटेवरून तिला बघत राहायचो.

दुसऱ्यांदा पाठवलेली फाईल तर कारखान्यात उघडलीच नाही. मॅनेजरचा फोन आला तेव्हा तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, शनिवारी सकाळपर्यंत चांगली फाईल आली पाहिजे. तिसऱ्यांदा नाही चालणार. मग मला काम दुसरीकडे द्यावं लागेल, सगळंच." त्याच दिवशी मुलाचाही फोन आला. "आप्पा, कशाला तिला त्रास? काम गेलं तर गेलं. तिला हिकडं पाठवा, तुमी पन या." मी म्हणालो, "मी कुटं येत न्हाय." त्याने विचारलं, "मग तिनं काय करायचं?" मी फोन सुनेच्या हातात दिला.

बुधवारी दुरुस्तीवाला परत आला. म्हणाला, "चाचा, ती नवी मेमरी काढून बघू?"

"ती पूजेतली वस्तू हाय. निघायची न्हाय."

"नुसती बघायला."

"न्हाय म्हनलं न्हवं."

तो सुनेकडे वळला. "बोर्डाच्या सेटिंगला कुणी हात लावला का? निळ्या पडद्याला?"

सून म्हणाली, "मला तर तो पडदा माहीतही नाही."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "चाचा, तुमी?"

"मी चौथी शिकलेला मानूस," मी म्हणालो. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत चौथीचा असा उपयोग मी पहिल्यांदा केला. तो म्हणाला, "हौ, सेटिंग मीच लावलेलं हाय, पाठ हाय मला," आणि त्याने तो पडदा उघडलासुद्धा नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. पुठ्ठा माझ्या खिशात होता. छातीला टोचत होता.

कारण एव्हाना मला कळलं होतं. पुस्तकाने नाही, मागाने कळलं. लहान डिझाईन उघडलं तर मशीन दिवसभर चालायचं. डाळिंबाची फांदी उघडली, भार आला, की तासाभरात थिजायचं. वाढवलेल्या मागाचं असंच असतं. बारीक सुतावर तो मजेत पळतो, तुम्हाला वाटतं झेपलं. जाड सूत चढवा, आणि मग बघा. हे मी बघितलेलं होतं.

तेही लिहितो. लिहायला बसलो ते खरं तर त्यासाठीच.

मी तिशीत होतो. मालकाने सांगितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कारखान्याच्या जॉबरने टपरीवर टोमणा मारला, "तुजे माग म्हशीगत चालत्यात." मी दुसऱ्या दिवशी एका मागाच्या मोटरला एक नंबर मोठी पुली घातली. विणकराला सांगितलं नाही, रीतच नव्हती. तीन दिवस माग देखणा पळाला. विणकर वळून माझ्याकडे बघून हसला पण. चौथ्या दिवशी जाड सूत चढलं, आणि दुपारी धोटा, आडवा धागा वाहणारा लाकडी ठोकळा, मागातून उडाला. धोट्याच्या टोकाला लोखंड असतं. मी दोन माग पलीकडे होतो. ओरडणं ऐकू आलं नाही, आवाजात कुठलं ऐकू येणार. फक्त तो माणूस तोंड धरून खाली बसताना दिसला.

त्याला दवाखान्यात नेलं. सगळे त्याच्याबरोबर गेले. मी मागे राहिलो, आणि कुणी यायच्या आत जुनी पुली परत घातली. मालकाने येऊन तपासलं तर सगळं बरोबर निघालं. पुढं कुणी काही विचारलं नाही. मी जॉबर होतो, माझा शब्द चालायचा.

आता तीच सोय माझ्यापुढे परत आली होती. सून आंघोळीला गेली असताना निळ्या पडद्यात शिरायचं, तीन अक्षरं शोधायची, वेग उतरवायचा, बाहेर यायचं. पाच मिनिटांचं काम. मशीन बरं होईल, फाईल जाईल, सून राहील, आणि मी म्हणेन, बघा, पूजेची वस्तू काढायची नसते. गुरुवारी ती सोय चालून पण आली. नळाला पाणी यायचा दिवस होता, सून खाली हंडे भरत होती. मी खुर्चीत बसलो, मशीन लावलं, कळेवर बोट ठेवलं. खालून पाण्याचा आवाज येत होता. बोट दाबेना. मला त्या दिवशीचा पाना हातात आठवला, तेलकट, गरम. पुली परत घालताना माझा हात जराही कापला नव्हता, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटत आलं आहे. मी मशीन बंद केलं आणि उठलो. खरं सांगायचं तर चांगुलपणाने उठलो नाही. घाबरून उठलो.

त्या दिवशी दुपारी परत तेच. सुनेने पाऊण फांदी भरली होती. उठली, स्टूल ओढलं आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. फडक्याने धूळ पुसली.

"मामा, मी यांना फोन केलाय. रविवारी येतो म्हणाले घ्यायला."

मी विचारलं, "शनिवार अजून हाय की."

"माझ्यानंच होत नाही आता. पंधरा दिवस झाले, मी काहीतरी चुकीचं करते आणि मला कळतच नाही काय ते. हात लावायची भीती वाटते."

शुक्रवारी दुरुस्तीवाला शेवटचं बघायला आला. म्हणाला, बोर्डच गेलाय वाटतं, तसला बोर्ड आता पुण्याहून मागवावा लागेल, आठवडा जाईल. सून "राहू द्या" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. तो पेटीचे स्क्रू लावत होता. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "वडील कसे हायेत?"

"हायेत. ओट्यावर बसून राहतात. मी त्यांना सांगितलं तुमच्या मशीनचं. म्हणाले, चालती चीज उगीच बिगडत न्हाय, कुणाचा तरी हात लागतो." स्क्रू फिरवता फिरवता तो म्हणाला, "त्यांच्या डोळ्याचं अजून डोक्यात हाय ना. म्हणतात, त्या दिवशी माग जास्त पळत होता, हाताला कळत होतं. पण मालकानं बघितलं तर पुली बरोबर. मग म्हणतात, माझाच हात चुकला असंल. चाळीस वर्षं झाली चाचा, तेच. माझाच हात चुकला."

तो चहा पिऊन गेला. मी पिऊ शकलो नाही.

मी आत गेलो. सून बॅगेत साड्या भरत होती. मी खिशातला पुठ्ठा काढला आणि साड्यांवर ठेवला. घामाने त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या.

"हे काय?"

"तुजा हात चुकत न्हाय," मी म्हणालो. "वेग मी वाढवलाय. त्या निळ्या पडद्यात. पूजेदिवशीच."

तिने पुठ्ठा उलटा सुलटा करून वाचला. मग म्हणाली, "त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, मामा. माझ्यासमोर."

"व्हय."

"आणि तुम्हाला तेव्हा माहीत होतं."

"व्हय."

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो अजून गल्लीच्या टोकालाच होता, पण परत आला नाही, फोनवरच सांगितलं. मला ऐकू येत होतं. पाकिटावरचा वेग म्हणजे कांडी चांगल्या बोर्डात एवढी पळू शकते असा अर्थ, पळालीच पाहिजे असा नाही. आपला बोर्ड जुना. शेजारची कांडी जुनी, हळू. दोघींना जबरदस्तीने जोरात पळवलं की भार आल्यावर कुठंतरी एक अक्षर चुकतं, आणि एक चुकलं की सगळं उभं. शेवटी तो म्हणाला, "चाचांना दे." सुनेने फोन पुढं केला. मी घेतला नाही. त्याने थोडी वाट बघितली आणि फोन ठेवला.

सुनेने पुठ्ठ्यावरच्या खुणांनी निळा पडदा उघडला. मी मागे उभा होतो. वेग उतरवायच्या आधी ती म्हणाली, "तुम्ही दाबा." मी कळ दाबली. मशीन परत सुरू झालं, साधं, पहिल्यासारखं. तिने सगळी फांदी पहिल्यापासून भरायला घेतली. खराब फाईलवरून कॉपी करायची नाही म्हणाली. मी खुर्चीशेजारी बसून चौकटी मोजत होतो, ती आकडा विचारायची, मी सांगायचो. तेवढंच बोलणं. कोपऱ्यातलं घड्याळ पाच वाजून दोन, तीन, चार असं पुढं जात राहिलं. मला त्याचा आनंद झाला नाही. प्रत्येक मिनिट माझ्यावर मोजलं जातंय असं वाटत होतं.

रात्री दहाच्या पुढं फाईल पूर्ण झाली. तिने ती बंद करून परत उघडली, एकेक दाणा बघितला, मग पाठवली. मॅनेजरचा निरोप आला की फाईल मागाने वाचली, उद्या विणायला घेतो.

मग ती भाकरीचं पीठ मळायला लागली, तेव्हा मी तिला पुलीचं सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. कदाचित तोंड एकदा उघडलं होतं म्हणून. चाळीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं. सून ऐकत होती, हात ओट्यावरच्या पिठात तसेच. मी म्हणालो, "ते लई जुनं झालं."

"त्यांच्यासाठी नाही झालं," ती म्हणाली. भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी तव्यावर टाकल्यावर म्हणाली, "मी पंधरा दिवस स्वतःला खुळी समजत होते, मामा. पंधराच दिवस. त्यांचं बघा तुम्ही."

मी विचारलं, "रविवारी जानार काय?"

"ते तुम्ही मला आजवर कधी विचारलं नाही."

"आता इचारतोय की. राहा म्हनतोय."

तिने तवा उतरवला. माझं ताट वाढलं. बॅग कपाटाशेजारीच उभी होती, अर्धी भरलेली, तोंड उघडं.

शनिवारी सकाळी मी उठलो तेव्हा ती कॉम्प्युटरपुढे बसलेली होती, दुसरं कुठलं तरी डिझाईन उघडून. घड्याळाकडे बघत नव्हती. बॅगेतल्या साड्या परत कपाटात होत्या, पण बॅग खालीच होती. मी आंघोळ केली, धुतलेली बंडी घातली, टोपी घातली. तिने विचारलं नाही कुठं. नुसतं म्हणाली, "जाऊन या. मी इथंच आहे."

मी चालत गेलो. वाटेत दुरुस्तीवाल्याच्या दुकानाचं शटर अजून खाली होतं. त्याच्या मागे त्यांचं घर. म्हातारा ओट्यावर ऊन घेत बसला होता, डाव्या बाजूला भिंत करून, कारण तिकडून कुणी आलेलं त्याला दिसत नाही. पावलं ऐकून त्याने मान वळवली. मी पायऱ्या चढलो, त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला जाऊन बसलो, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि पुलीपासून सांगायला सुरुवात केली.